डॉलरची तंगी ढाक्यात, मंदी शेंदूरजनाघाटात

शेंदूरजनाघाटच्या कापड दुकानदाराला कोणी विचारले की यंदा धंदा कसा आहे, तर तो आधी संत्र्याचा भाव सांगतो. वरुड तालुक्याचा हा जुना रिवाज आहे. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आणि आमच्या उधारीच्या वह्या याच दोन बहारांच्या भरवशावर लिहिल्या जातात. लग्नाचा बस्ता असो, शाळेचे गणवेश असोत की ईद-दिवाळीचे कपडे, गिऱ्हाइकाचे वाक्य ठरलेले, "शेठ, आंबिया निघू द्या, मंग देतो." आम्हीही सुरतच्या व्यापाऱ्याला हेच सांगून मुदत मागतो.

२०२३ च्या हंगामात आंबिया निघाला, पण पैसे निघाले नाहीत. त्या दिवसांत गावातल्या एका बागवान मित्राच्या घरी बसणे झाले. त्यांनी चार बागांचा सौदा करून ठेवला होता, शेतकऱ्यांना बयाणा दिला होता, तोडणीला मजूर लावले होते. माल बंगालच्या सीमेकडे निघाला आणि तिकडचा घेणारा मागे हटला. मी विचारले, तुमची-त्याची इतक्या वर्षांची ओळख, त्याच्यापाशी पैसे नाहीत काय? ते म्हणाले, "भाई, पैसे आहेत त्याच्यापाशी. डॉलर नाहीत. आणि ड्युटी अशी लागली आहे की आपला संत्रा तिकडच्या गरिबाच्या हाताला लागत नाही."

बागवान, पेट्या आणि क्रेटचा धंदा करणारे, ट्रकवाले, हमाल, संत्र्याची प्रतवारी करणाऱ्या बायाबापड्या, या सगळ्यांची रोजी त्या एका वाक्यात अडकलेली आहे. पैसे आहेत आणि डॉलर नाहीत म्हणजे काय? ड्युटी वाढते ती कोण वाढवतो आणि का? अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण हिशेब आपल्या सर्वांना येतो, आणि हा विषय बराचसा हिशेबाचाच आहे.

२० चे ८८ कसे झाले

नागपुरी संत्र्याचे परदेशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर आणि पलीकडे काटोल, नरखेड इथला माल ट्रकांनी पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावरून तिकडे जातो. २०१९ च्या सुमारास तिथे किलोमागे २० च्या आसपास कर लागत होता. २०२३ मध्ये तो ८८ झाला आणि २०२४ च्या हंगामात १०१ पर्यंत गेला. आपल्याकडच्या बातम्यांत हा आकडा रुपये म्हणून छापला जातो. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा तो बांगलादेशी टका धरला तरच जुळतो असे दिसले. तो हिशेब वाचकांनी एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण सगळी मेख त्यातच आहे.

तिकडे तेव्हा फळावर एक कर नव्हता, सहा होते. समजा कस्टमने मालाची किंमत १०० टका धरली. त्यावर २५ टक्के सीमाशुल्क आणि ३ टक्के नियामक शुल्क, म्हणजे किंमत झाली १२८. आता या १२८ वर २० टक्के पूरक शुल्क, २५.६०. झाले १५३.६०. या फुगलेल्या रकमेवर १५ टक्के व्हॅट, २३.०४, आणि ५ टक्के अग्रिम कर, ७.६८. शिवाय मूळ १०० वर ५ टक्के अग्रिम आयकर. सगळ्या करांची बेरीज ८९.३२ टका. ही मे २०२२ च्या आधीची गोष्ट.

मे २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय राजस्व बोर्डाने सव्वाशेहून अधिक वस्तूंवरचे नियामक शुल्क वाढवले. फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने हे सारे त्यात आले. फळांवरचे शुल्क ३ वरून २० टक्के झाले. ऐकायला वाढ १७ टक्क्यांची. पण वरचा हिशेब पुन्हा मांडा. १०० चे १४५ झाले, त्यावर पूरक शुल्क २९, झाले १७४, त्यावर व्हॅट २६.१०, अग्रिम कर ८.७०, आयकर ५. एकूण कर ११३.८०. म्हणजे १७ ची वाढ खाली येता येता साडेचोवीस झाली. करावर कर चढतो तो असा. माल १०० चा आणि कर ११४ चा.

आता दुसरा धागा. ही किंमत धरली जाते डॉलरमध्ये. तुमच्या बिलावर काहीही लिहिलेले असो, कस्टम आपल्या माहितीप्रमाणे किलोला इतके सेंट अशी किंमत धरून मोकळे होते. समजा ७० सेंट धरली. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ८६ टकाच्या आसपास होता. म्हणजे किलोची किंमत ६० टका आणि नव्या दराने कर साधारण साडेअडुसष्ट. २०२३ च्या अखेरीस डॉलर ११० टका झाला. तेच ७० सेंट आता ७७ टका, आणि कर ८७ टका ६० पैसे. करही तोच, संत्राही तोच, केवळ टका घसरला म्हणून किलोमागे १९ टका जास्त. आपल्या वर्तमानपत्रांतले ८८ इथे येऊन बसतात.

वीस टनांचा ट्रक धरा. किलोला २० प्रमाणे कर होत होता ४ लाख टका. ८८ प्रमाणे होतो १७ लाख ६० हजार. आणि तो माल सुटण्याआधी भरायचा असतो, विकल्यानंतर नव्हे. संत्रा नाक्यावर उभा राहून पिकायचे थांबत नाही.

पैसे आहेत, डॉलर नाहीत

टका छापण्याचा अधिकार ढाक्याला आहे, डॉलर छापण्याचा नाही. डॉलर कमवावे लागतात. बांगलादेश ते दोन मार्गांनी कमावतो, तयार कपड्यांची निर्यात आणि आखातात राबणाऱ्या लोकांनी घरी पाठवलेला पैसा. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या देशाच्या गंगाजळीत ४८ अब्ज डॉलर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. तेल, गॅस, गहू, खत सगळे महागले आणि गंगाजळी झपाट्याने उतरू लागली. टका घसरू लागला तसा परदेशातला कामगार बँकेऐवजी हुंडीने पैसा पाठवू लागला, कारण हुंडीवाला भाव जास्त देतो. मग बँकेत डॉलर आणखी कमी.

अशा वेळी सरकार काय करते? ज्याशिवाय माणूस मरत नाही त्या वस्तूची आयात अडवते. जुलै २०२२ मध्ये बांगलादेश बँकेने हुकूम काढला की मोटारगाड्या, सोने, सौंदर्यप्रसाधने, फळे, फुले यांच्या आयातीसाठी एल.सी. उघडायची असेल तर पूर्ण १०० टक्के रक्कम रोख ठेवावी लागेल आणि त्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये. एल.सी. म्हणजे बँकेने विकणाऱ्याला दिलेली हमी. पूर्वी आयातदार थोडी रक्कम ठेवून बाकी बँकेच्या भरवशावर माल उचलत असे. या हुकमानंतर सगळी रक्कम आधी.

आपल्यापैकी काहींना वाटेल की व्याजाचे कर्ज सुटले हे बरेच झाले. दीनच्या दृष्टीने खरे आहे. पण गाठीला भांडवल नसलेला छोटा आयातदार अशा वेळी बाजारातून उठतो आणि चार मोठे तेवढे उरतात. घेणारे चारच राहिले की भाव त्यांच्या मर्जीचा. शेंदूरजनाघाटच्या बागेत बसलेल्याला हे कळत नाही. त्याला एवढेच दिसते की पूर्वी बागेवर दहा जण सौद्याला येत, आता दोन येतात.

त्यात आणखी एक गाठ आहे. बांगलादेशातल्या बँकेची हमी परदेशातली बँक जशीच्या तशी मानत नाही. तिला आणखी एका मोठ्या बँकेची पक्की सही हवी असते आणि त्या सहीची फी द्यावी लागते. मे २०२३ मध्ये मूडीज या अमेरिकन कंपनीने बांगलादेशाची पत एक पायरी खाली आणली, नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक पायरी. पत उतरली की फी चढते. न्यूयॉर्कच्या एका कार्यालयात एक अक्षर बदलते आणि बेनापोलचा फळवाला जास्त पैसे मोजतो. त्याने कोणाचे पैसे बुडवले नसले तरी.

कर्ज देणारा आणि त्याच्या अटी

जानेवारी २०२३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने बांगलादेशाला ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि दर हप्त्याआधी वॉशिंग्टनची मंडळी येऊन वह्या तपासतात. पुढे जून २०२५ मध्ये ही रक्कम ५.५ अब्ज करण्यात आली. अटी अनेक आहेत, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. पहिली, टकाचा भाव कृत्रिमपणे धरून ठेवू नका, बाजारावर सोडा. त्याप्रमाणे मे २०२४ मध्ये डॉलर एका दिवसात ११० वरून ११७ टकावर नेण्यात आला. दुसरी, कराचे उत्पन्न वाढवा. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने कराचा वाटा पहिली दोन वर्षे दरसाल अर्धा टक्का आणि तिसऱ्या वर्षी ०.७ टक्का वाढला पाहिजे.

इथे इन्साफाने बोलले पाहिजे. संत्र्यावर कर लावा असे नाणेनिधीने कुठे सांगितलेले नाही. उलट आयातीवरचे जादा कर हळूहळू कमी करावेत असाच त्यांचा सल्ला असतो. नियामक शुल्काची वाढही कर्ज मंजूर होण्याआधीची आहे. पण सावकाराने सांगितले की महिन्याला इतके आणून दे, तर कर्जदार जिथून लवकर मिळेल तिथूनच आणणार. बांगलादेशात कराचे उत्पन्न देशाच्या उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास फिरते. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून १७-१८ टक्के होते, श्रीमंत देशांची सरासरी ३४ च्या घरात आहे. ज्या देशात बहुतेक लोक शेतीत, फेरीत, छोट्या दुकानांत आहेत तिथे आयकर कोणाकडून घेणार? नाक्यावर मात्र ट्रक उभा असतो, कागद हातात असतो आणि कर भरल्याशिवाय तो हलू शकत नाही. गरीब देशाचा खजिना म्हणून बंदरावर आणि नाक्यावर भरतो.

मोठ्या कंपन्यांवर कर का बसवत नाहीत, असा प्रश्न वाचक विचारतील. बसवतात, पण नफा हाती लागत नाही. कंपनी माल एका देशात विकते आणि नफा दाखवते जिथे कर नाममात्र आहे अशा देशात. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा असे मान्य केले. त्याच बैठकीत केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी सही केली नाही. वाटणीत गरीब देशांच्या पदरात फार थोडे पडते, असा त्या बाजूचा आक्षेप आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आफ्रिकेच्या देशांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. ठरावाच्या बाजूने १२५ मते, विरोधात ४८, आणि विरोधात बहुतेक श्रीमंत देश. नाणेनिधीतही तोच प्रकार. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे तिचा नकार तोच सगळ्यांचा नकार. कंपनीचा नफा पकडता येत नाही म्हणून फळावरचा कर वाढतो, आणि तो आमच्या तालुक्यातल्या कलमवाल्यापर्यंत येऊन पोहोचतो. शेंदूरजनाघाटची संत्र्याची कलमे दूरदूरच्या प्रांतांत जातात, पण जवळच्या शेतकऱ्याने नवी बाग लावायचा विचार सोडला की नर्सरीवाल्याचा जंभेरीवर बांधलेला डोळा वाफ्यातच राहतो.

जानेवारी २०२५ मध्ये तर नाणेनिधीच्या हप्त्याची गरज पुढे ठेवून ढाक्याने शंभराच्या आसपास वस्तू आणि सेवांवर कर वाढवले. फळांवरचे पूरक शुल्क २० वरून ३० टक्के झाले. अग्रिम आयकर १० टक्के धरून वरचाच हिशेब केला तर १०० च्या मालावर कर १३६ होतो. तिथल्या फळ आयातदारांनी आंदोलन केले, माल उचलणे बंद केले, तेव्हा मार्चमध्ये पूरक शुल्क २५ वर आणले गेले. म्हणजे तिकडचा फळवालाही आपल्यासारखाच बोंबलत होता. तोही बहुधा आपलाच दीनी भाऊ, आणि त्याचीही मुले फळाच्या पेटीवरच शिकतात.

आपणही या वाटेने गेलो आहोत

तरुण वाचकांना हे परक्याचे दुखणे वाटेल. माझ्या वयाच्या लोकांना १९९१ आठवते. मी तेव्हा नुकता गादीवर बसू लागलो होतो. भारतापाशी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण गेले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा उतरवली गेली. त्याआधी वसंतात आयातदाराने बँकेत ठेवायच्या रोख रकमेची अट वाढत वाढत काही मालासाठी २०० टक्क्यांपर्यंत नेली होती. १०० चा माल आणायचा तर २०० बँकेत ठेवा. ढाक्याने २०२२ मध्ये फळांना लावले ते औषध दिल्लीने १९९१ मध्ये आपल्याच व्यापाऱ्यांना याहून कडक पाजले होते. आणि त्या वेळी आपल्याला माल विकणाऱ्या कुठल्या तरी देशातला दुकानदारही असाच उधारीची वही उघडून बसला असेल.

कांद्याचा राग की डॉलरची तंगी?

बाजारात एक बोलणे नेहमी ऐकू येते की आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्रा अडवला. कांदा आपण अडवला हे खरेच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत परत बंदी. दरवेळी बांगलादेशात कांद्याने डोळ्यांतून पाणी काढले. जशास तसा कर ही गोष्टही नवी नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत परमुलखातल्या व्यापाऱ्यांकडून तेवढाच कर घेण्याचा दंडक होता, जेवढा त्यांच्या मुलखात मुसलमान व्यापाऱ्यांकडून घेतला जाई.

तरीही माझे मत वेगळे आहे. राग फक्त आपल्यावर असता तर कर फक्त आपल्या संत्र्यावर लागला असता. ते नियामक शुल्क चीनच्या सफरचंदावर, इजिप्तच्या माल्टावर, सगळ्याच परदेशी फळांवर लागले. कांद्याने मन खट्टू झाले असेल, त्यामुळे सवलत मागायला आपले तोंड राहिले नाही असेही म्हणता येईल. पण मूळ दुखणे डॉलरचे आहे. सार्क देशांचा मुक्त व्यापाराचा करार २००६ पासून लागू आहे, मग त्याचा उपयोग का होत नाही? कारण असे करार मुख्यतः सीमाशुल्कापुरते बोलतात. नियामक आणि पूरक शुल्क त्यांच्या हिशेबाबाहेर राहते, आणि आपल्याला मार बसला तो याच दोघांचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला तेव्हा नाके काही दिवस बंद पडले. त्यानंतर मात्र खरीखुरी नाराजी व्यापारात उतरली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी भारतीय सुताची जमिनीच्या नाक्यांवरून होणारी आयात थांबवली, मे महिन्यात भारताने त्यांचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून घेणे बंद केले. कापडवाला म्हणून मला यावर पुष्कळ लिहायचे आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

रुपयात व्यापार आणि सरकारी मदत

डॉलर नाहीत तर रुपयात घ्या, असे आमचे बागवान मित्रही म्हणाले होते. ही सोय झालेली आहे. जुलै २०२३ मध्ये भारत-बांगलादेश व्यापार रुपयात सुरू झाला, तिकडून सोनाली बँक आणि ईस्टर्न बँक, इकडून स्टेट बँक आणि आय.सी.आय.सी.आय. पण त्यांच्यापाशी रुपया येणार कुठून? आपल्याला माल विकूनच. ते आपल्याला वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलरचा माल विकतात आणि आपल्याकडून त्याच्या कितीतरी पट घेतात. त्या दोन अब्जांच्या रुपयांवर आधी कापूस, सूत, धान्य हक्क सांगणार. संत्र्याचा नंबर मागे लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्र सरकारने बांगलादेशात जाणाऱ्या संत्र्यासाठी आयात शुल्काच्या निम्मी, म्हणजे किलोला ४४ रुपये मदत जाहीर केली. तरतूद १६९ कोटी ६० लाखांची. घोषणेचे स्वागत झाले, ते साहजिकच. पण जागतिक व्यापार संघटनेचा एक नियम आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये नैरोबीच्या बैठकीत शेतमालाच्या निर्यातीला सबसिडी देणे बंद करायचे ठरले. विकसनशील देशांना वाहतूक आणि विक्रीच्या खर्चापुरती सवलत चालू ठेवली होती, तिचीही मुदत २०२३ अखेर संपत होती. घोषणेची तारीख आणि मुदतीची तारीख शेजारी ठेवून पाहा. सरकारी मदत मिळाली तर अल्लाहची मेहरबानी समजून घ्यावी, पण बागेचा सौदा तिच्या भरवशावर करू नये.

सौदा करण्याआधी

बागवान बांधवांनी काय पाहावे ते थोडक्यात सांगतो. बांगलादेशाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अंदाजपत्रक जूनच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास येते. आंबियाचे फळ तेव्हा झाडावर लिंबाएवढे असते. जो सौदा फळ पाहूनच करायचा आहे तो जूननंतर करण्यात नुकसान नाही. अंदाजपत्रकात सीमाशुल्क किती हे पाहून थांबू नये, नियामक आणि पूरक शुल्क पाहावे. मग डॉलरला किती टका पडतो हे पाहावे. टका उतरत असेल तर कर न वाढताही वाढतो, हे वर दाखवलेच आहे. तिकडच्या घेणाऱ्याला फोनवर भाव विचारण्याआधी त्याची एल.सी. उघडली गेली का आणि किती रोख ठेवून, हे विचारावे.

बयाणा देताना चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहून घ्यावी, की तोडणीच्या आधी तिकडचा कर वाढला तर भावाची पुन्हा बोलणी होईल. शेतकरी सुरुवातीला कुरकुर करील. पण भाव पडल्यावर व्यापारी बयाणा सोडून पळाला तर त्याचा माल झाडावर राहतो, हे त्याने २०२३ मध्ये पाहिलेले आहे. तो समजून घेतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. कमी किमतीचे बिल करू आणि उरलेले पैसे हवाल्याने घेऊ, असे सुचवणारे दलाल सीमेवर भेटतात. कस्टम बिलाची किंमत धरतच नाही, तेव्हा त्यात वाचत काही नाही. उलट निर्यातीचे पैसे बँकेतून ठरलेल्या मुदतीत आले नाहीत तर परकीय चलनाच्या कायद्याखाली नोटीस इकडच्याच माणसाला येते. हवाल्याचा पैसा बुडाला तर कोणत्या कोर्टात जाणार?

माझे बागवान मित्र आता एकट्या बांगलादेशावर अवलंबून राहत नाहीत. निम्मा माल दिल्ली आणि दक्षिणेकडे पाठवतात. भाव कमी मिळतो, पण पैसा महिन्याच्या आत हाती येतो. बागा त्यांनी चारच्या दोन केल्या, आणि चिठ्ठीवर ती जास्तीची ओळ ते स्वतः लिहितात. माझ्या वहीत मात्र २०२३ च्या आंबियाची काही नावे अजून खुली आहेत. त्यांतल्या दोघांनी येत्या मृगाचा वायदा केला आहे.